वीज गेल्यानंतर नाहीसे झालेले माइनक्राफ्टचे जग: शोध, दुरुस्ती आणि पुढची बांधणी

गोव्यातल्या वाळपईहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाच्या रात्री माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधण्याचा संगणकावरचा खेळ चालू असताना वीज गेली, संगणक जागीच बंद पडला, आणि वीज आल्यावर खेळ उघडला तेव्हा यादीत त्यांचे जग दिसेना. हे जग त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने शाळेच्या दिवसांपासून मिळून बांधले होते. गावातले घर, त्याचा पुढचा सोपा, अंगणातले तुळशीवृंदावन, वाड्यावरचे देऊळ आणि त्यामागचे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, असे सगळे त्यात होते. भाऊ आता शिक्षणासाठी पुण्याला आहे. कोणी त्यांना खेळ काढून पुन्हा टाकायला सांगितले, तर कोणी गेलेला डेटा परत आणणारे सॉफ्टवेअर सुचवले. ताईंनी अजून काहीच केलेले नाही. कोणते सॉफ्टवेअर वापरावे आणि काहीच मिळाले नाही तर भावाला काय सांगावे, हे त्यांना हवे आहे.

ताई, तुम्ही अजून काहीच केलेले नाही ही या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. मी म्हापशात संगणक दुरुस्तीचे आणि डेटा रिकव्हरीचे काम करतो. पावसाळ्यात माड किंवा फांदी तारांवर पडून वीज गेली की दुसऱ्या दिवशी अशी यंत्रे दुकानात येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, त्यानंतर तर ती रांगेने आली. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर वीज गेल्यामुळे जेवढे नुकसान झाले होते, त्याहून अधिक नुकसान नंतरच्या घाईच्या उपायांनी केलेले होते.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी नेमके काय घडले आहे हे ठरवावे लागते, कारण ‘सेव्ह गेला’, म्हणजे खेळाची साठवलेली फाइल गेली, या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात फाइल शाबूत असते, पण खेळ ती जिथे शोधतो तिथे नसते. दुसऱ्यात फाइल जागेवर असते, पण तिच्यातला मजकूर बिघडलेला असतो. तिसऱ्यात फाइल खरोखर पुसली गेलेली असते. डेटा रिकव्हरीची सॉफ्टवेअरे फक्त तिसऱ्या प्रकारासाठी असतात. तुमच्या वर्णनावरून मला दुसऱ्या प्रकाराची दाट शक्यता वाटते, आणि त्यात ही सॉफ्टवेअरे काहीच कामाची नाहीत. खेळ काढून पुन्हा टाकण्याचाही उपयोग नाही, कारण तुमचे जग खेळाच्या प्रोग्रॅममध्ये नसून वेगळ्या फोल्डरमध्ये असते.

वीज जाते तेव्हा आत काय होते ते समजून घेतले तर पुढची प्रत्येक पायरी कळेल. विंडोज लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते. विंडोजची एनटीएफएस फाइलप्रणाली फाइलचे नाव, आकार आणि जागा यांच्या नोंदी अतिशय काळजीने जपते, पण आतला मजकूर त्याच काळजीने जपत नाही. नोंद झाली आणि मजकूर उतरण्याआधीच वीज गेली, तर नाव बरोबर, आकार बरोबर, पण आत केवळ शून्ये अशी फाइल शिल्लक राहते. गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर जमिनीचे नाव आणि क्षेत्रफळ असावे आणि प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर काहीच नसावे, तसा हा प्रकार असतो.

म्हणून आधी त्या संगणकावर काही नवे लिहिले जाईल असे काहीही करू नका. माइनक्राफ्टही उघडू नका, आणि यामागचे कारण महत्त्वाचे आहे. जगाचा एखादा तुकडा वाचता आला नाही, तर खेळ त्या जागी मूळ डोंगर-झाडी नव्याने निर्माण करतो आणि तीच फाइलीत लिहून टाकतो. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारे देऊळ तुम्ही नुसते पाहायला गेलात तरी कायमचे जाऊ शकते. डिस्क तपासणारी चेकडिस्क ही सोयही आपणहून चालवू नका. ती फाइलप्रणालीच्या नोंदी सुसंगत करते, तुमच्या मजकुराची तिला पर्वा नसते. ती आधीच आपोआप चालून गेली असेल, तर ड्राइव्हच्या मुळाशी ‘फाउंड’ नावाचा लपवलेला फोल्डर आहे का ते पाहा, कारण सापडलेले तुटके तुकडे ती तिथे ठेवते.

आता मूळ फोल्डर शोधू. माइनक्राफ्ट जावा आणि बेडरॉक अशा दोन आवृत्त्यांत मिळतो. जावा आवृत्तीसाठी विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ लिहा आणि एंटर करा. तिथे ‘डॉट माइनक्राफ्ट’ आणि त्याच्या आत ‘सेव्हज’ फोल्डर दिसेल. तुमच्या जगाच्या नावाचा फोल्डर तिथे असेल, तर तो संपूर्ण पेन ड्राइव्हवर घ्या, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा. यापुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. फोल्डरचा आकार काही शे मेगाबाइट किंवा त्याहून मोठा दिसला तर धीर धरा, कारण तुमच्या घराच्या भिंती बहुतेक अजून तिथेच आहेत.

खेळ जगांची यादी दाखवताना प्रत्येक फोल्डरमधली ‘लेव्हल डॉट डॅट’ ही फाइल वाचतो. ती अवघ्या काही किलोबाइटची असते. जगाचे नाव, सीड क्रमांक (ज्यावरून खेळ त्या जगाचे डोंगर-नद्या घडवतो तो आकडा), वेळ, खेळाचे नियम आणि एकट्याने खेळण्याच्या जगात तुमच्या पात्राजवळचे सामान अशी माहिती तिच्यात असते. ती बिघडली की जग यादीतून नाहीसे होते किंवा उघडत नाही, पण बांधकाम तिच्यात नसतेच. बांधकाम ‘रीजन’ फोल्डरमधल्या ‘एमसीए’ फाइलींत असते, आणि अशी एक फाइल ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा प्रदेश सांभाळते. या छोट्या फाइलीची एक आधीची प्रत खेळ स्वतःच शेजारी ठेवतो. तिचे नाव तेच असते, फक्त शेवटी ‘अंडरस्कोअर ओल्ड’ जोडलेले असते.

प्रतीतल्या फोल्डरमध्ये बिघडलेल्या फाइलीला दुसरे काही नाव द्या आणि ‘ओल्ड’ असलेल्या फाइलीला ‘लेव्हल डॉट डॅट’ असे नाव द्या. विंडोज फाइलींची शेपटे, म्हणजे नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग, लपवते, त्यामुळे नाव बदलण्यापूर्वी फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ती दिसतील असे करा. नाहीतर शेपटाला शेपूट जोडले जाते आणि उपाय चुकला असे वाटून माणूस तो सोडून देतो. फाइल निरोगी आहे का हे हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतली बाइट जशीच्या तशी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पाहता येते. ही फाइल जीझिप पद्धतीने दाबलेली असल्याने सुरुवातीची दोन बाइट ‘१एफ ८बी’ असायला हवीत. सगळीकडे शून्येच असतील तर त्या फाइलीतून काहीही मिळणार नाही आणि तिच्यावर वेळ घालवू नये.

दोन्ही फाइली शून्यांनी भरलेल्या निघाल्या तरीही वाट संपत नाही. त्याच आवृत्तीच्या खेळात, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, त्याच सीड क्रमांकाने नवे जग निर्माण करा, एकदा उघडून बंद करा आणि त्याची ‘लेव्हल डॉट डॅट’ तुमच्या प्रतीत आणून ठेवा. पात्राजवळचे सामान, वेळ आणि नियम नव्याने सुरू होतील, पण ‘रीजन’मधले घर, देऊळ आणि पेट्यांत ठेवलेल्या वस्तू परत दिसतील. सीड चुकीचा असला तरी बांधलेले दिसेलच. फक्त जिथे तुम्ही अजून फिरला नव्हता तिथून नवा प्रदेश वेगळ्याच घडणीचा निघेल आणि सीमेवर कड्यासारखी सरळ भिंत उभी राहील.

सीड क्रमांक आठवत नसेल तर ‘डॉट माइनक्राफ्ट’मधला ‘लॉग्ज’ फोल्डर पाहा. कधी काळी तुम्ही किंवा भावाने खेळात ‘सीड’ची आज्ञा दिली असेल, तर तिचे उत्तर जुन्या, दाबून ठेवलेल्या नोंदींत सापडू शकते. त्याच्याच शेजारी ‘बॅकअप्स’ फोल्डर असेल, आणि तो पाहायला कोणालाच आठवत नाही. जुने जग खेळाच्या नव्या आवृत्तीत उघडताना ‘आधी बॅकअप घ्यायचा का’ असे खेळ विचारतो. पुष्कळ जण काय विचारले आहे ते न वाचता होकार देतात आणि विसरून जातात. त्या होकारातून तयार झालेल्या तारखेच्या झिप फाइली या फोल्डरमध्ये पडून असतात. वर्षभरापूर्वीची प्रत मिळाली तरी तिचे मोल मोठे आहे, कारण ती नुसती पर्यायी प्रत नसून दुरुस्तीचे सामान असते.

ते कसे, हे सांगतो. वीज गेली त्या क्षणी ज्या ‘एमसीए’ फाइली लिहिल्या जात होत्या, साधारण त्याच बिघडतात. तुम्ही त्या रात्री कुळागरात काम करत असाल तर कुळागराची फाइल धोक्यात आहे, पण दूरवरचे काही बहुधा सुखरूप असेल. ‘एमसीए सिलेक्टर’ नावाचे मोफत, मुक्तस्रोत साधन जगाचा नकाशा वरून दाखवते आणि एका जगातले निवडक तुकडे दुसऱ्या जगात आणू देते. त्यामुळे बाकी सगळे ताजे ठेवून फक्त बिघडलेला भाग जुन्या बॅकअपमधून भरता येतो. या कामाला एखादी निवांत दुपार लागते आणि प्रत्येक बदलाआधी प्रत घ्यावी लागते, पण मला स्वतःला या कामात सर्वांत जास्त समाधान मिळते, कारण इथे थोडे मिळाले तरी तो थोडा भाग पुरता वापरता येतो.

बेडरॉक आवृत्ती असेल तर परिस्थिती अवघड आहे. तिथे जग डेटाबेसच्या रूपात साठवलेले असते आणि त्यातली एकच फाइल बदलून चालत नाही. संपूर्ण जगाचा जुना निर्यात केलेला बॅकअप हाच तिथे मुख्य आधार आहे.

समजा फोल्डरच नाही. मग तिसरा प्रकार आला, आणि आता सगळे तुमच्या डिस्कवर अवलंबून आहे. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली म्हणजे फक्त ‘ही जागा मोकळी आहे’ अशी नोंद होते, आणि दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत मजकूर राहतो. एसएसडीवर, म्हणजे तबकड्यांऐवजी चिप असलेल्या नव्या डिस्कवर, तसे नसते. विंडोज ७ पासून ट्रिम नावाची आज्ञा एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागा कळवते आणि एसएसडी त्या आतून साफ करून टाकते. एसएसडीवरून पुसलेली फाइल परत आणून देतो असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर आगाऊ पैसे देऊ नका. हार्ड डिस्क असेल तर संगणक बंद करा, ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडा आणि तिथून शोधा. रिकुवा, टेस्टडिस्क किंवा मायक्रोसॉफ्टचे मोफत विंडोज फाइल रिकव्हरी यांपैकी काही वापरता येईल. मी नावांच्या नोंदींवरून शोधणारी पद्धत आधी वापरतो. मजकुराच्या खुणेवरून शोधणाऱ्या फोटोरेकसारख्या साधनाला ‘एमसीए’ फाइल ओळखायला सोपी खूण नसते, आणि जे मिळते ते नावांशिवाय मिळते. मिळालेले मात्र त्याच डिस्कवर उतरवू नका.

याच विषयावर इतरही लोक विचारतात, म्हणून दुसऱ्या खेळांविषयी थोडे सांगून टाकतो. स्टारड्यू व्हॅली दिवस संपून पात्र झोपले की सेव्ह करतो आणि आदल्या सेव्हची ‘ओल्ड’ प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. एल्डन रिंग आपल्या मुख्य फाइलीशेजारी ‘बॅक’ शेपटाची प्रत ठेवतो. दोन्हींना नाव बदलण्याचा वरचाच उपाय लागू पडतो. ज्या खेळांचे सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असतात ते वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने, आपल्याकडे ओढलेले असू शकतात, तेव्हा तिथला रिसायकल बिन आणि जुन्या आवृत्त्या तपासाव्यात. विंडोज नव्याने टाकली असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर लगेच पाहावा, कारण तो काही दिवसांनी आपोआप पुसला जातो. खेळ विकत घेऊन चालवण्याच्या स्टीम या प्रोग्रॅमने क्लाउडवरची आणि संगणकावरची फाइल जुळत नसल्याचा इशारा दिला, तर घाईने बटण दाबू नये. खिडकी तशीच ठेवून आधी संगणकावरच्या फाइलीची प्रत घ्यावी आणि मग दोन्हींच्या तारखा वाचाव्यात. निन्टेन्डो स्विचचे सेव्ह मेमरी कार्डावर नसतात, यंत्राच्या आतच असतात, म्हणून कार्ड सुखरूप राहिले तरी त्याने सेव्ह सुखरूप राहत नाही. मोबाइलवर पाहुणा म्हणून खेळलेल्या खेळाला आपल्या खात्याशी जोडल्याशिवाय ॲप काढू नये.

आता भावाचा प्रश्न. त्याला आजच सांगा, शोध पूर्ण होण्याची वाट पाहू नका. एक कारण व्यवहाराचे आहे. तुम्ही दोघे घरच्या जोडणीवर एकत्र खेळत असाल तर जग फक्त यजमान संगणकावर असते, भावाच्या यंत्रावर त्याची प्रत तयार होत नाही. पण पुण्याला जाताना त्याने फोल्डर पेन ड्राइव्हवर नेला असेल, मित्राला पाठवला असेल किंवा त्याच्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये देवळाची, सोप्याची चित्रे असतील, हे त्यालाच माहीत असणार. सीड क्रमांकही कदाचित त्याच्याकडेच असेल. दुसरे कारण असे की हे जग त्याचेही आहे, आणि ते शोधण्यात भाग घेण्याचा हक्क त्याला आहे. चार दिवसांनी ‘गेले’ एवढेच कळले तर त्याच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही.

तुमच्या प्रश्नात ‘एवढ्यासाठी वाईट वाटून घेणे बरोबर नाही हे कळते’ असे एक वाक्य होते. मला ते पटत नाही. लग्नाचे फोटो गेलेली माणसे आणि खेळाचे सेव्ह गेलेली मुले माझ्याकडे सारख्याच चेहऱ्याने बसतात, आणि दोघांनाही मी सारखाच वेळ देतो. तुम्ही दोघांनी शाळेतून आल्यावर त्या जगात घालवलेल्या संध्याकाळी खऱ्या होत्या. गेलेल्या वस्तूची किंमत बाजारात नाही म्हणून तिचे दुःख लहान होत नाही. घरातल्या कोणी ‘खेळच तर आहे’ असे म्हटले तर वाद घालू नका, पण ते मानूही नका.

शोध पुरता झाल्याशिवाय नवे बांधकाम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याला तांत्रिक कारण तर आहेच, कारण त्याच डिस्कवर लिहिणे धोक्याचे असते. पण त्याखेरीज, आशा अर्धवट असताना बांधलेले काही मनाला लागत नाही आणि माणूस ते लवकरच टाकून देतो, असे मी पाहिले आहे. शोध संपल्यावर खरोखर काहीच हाती लागले नाही आणि सीड मात्र सापडला, तर तीच आवृत्ती आणि तोच सीड वापरून जग उघडा. नदी तिथेच असेल, टेकडी तिथेच असेल, घरासाठी निवडलेली सपाट जागाही तीच असेल. सगळे पुन्हा बांधायचा घाट घालू नका. भावाला फोनवर घेऊन एकच वास्तू निवडा आणि चित्रे समोर ठेवून तेवढीच बांधा. ती पुरी झाल्यावर पुढे जावेसे वाटते की नाही हे तुम्हाला आपोआप कळेल. काही जणांना तेवढ्यानेच पुरेसे वाटते, आणि तेही योग्यच आहे.

यापुढच्या पावसाळ्यासाठी दोन व्यवस्था आवश्यक आहेत. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस आणि साधा असे दोन पर्याय देणारे बटण आहे का ते पाहा. साध्या पर्यायात वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडतो, यूपीएस पर्यायात बहुधा पडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर साध्या संगणकाला ६०० व्हीए क्षमतेचा घरगुती यूपीएस बहुधा पुरतो. त्यावर खेळत राहायचे नसते, त्या काही मिनिटांत जग सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा असतो. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत थकते, म्हणून मे महिन्यात एकदा मुख्य वीज बंद करून ती किती वेळ धरते ते तपासा.

दुसरी व्यवस्था प्रतींची. जावा आवृत्तीत जग निवडून ‘एडिट’मध्ये गेले की बॅकअप घेण्याचे बटण आहे. मोठे काम झाले की ते दाबा आणि तयार झालेली झिप फाइल भावाला पाठवा, म्हणजे एक प्रत वाळपईला आणि एक पुण्याला राहील. आधीच्या प्रती लगेच पुसू नका, निदान तीन तारखांच्या ठेवा, कारण बिघाड कधी कधी उशिरा लक्षात येतो आणि तोवर ताजी प्रतही बिघडलेलीच घेतली गेलेली असते. आलेली झिप भावाने आपल्या यंत्रावर उलगडून जग एकदा उघडून पाहावे आणि त्यात थोडे फिरून तुम्हाला कळवावे. त्यानंतरच ती प्रत धरायची.